दुधाच्या दाताला मार लागतो तेव्हा: काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

दात मुळासकट निघाला तर तो लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि धावत डेंटिस्टकडे जा, हा सल्ला आता पुष्कळ आईबाबांना तोंडपाठ असतो. सल्ला बरोबर आहे, पण तो पक्क्या दातांसाठी आहे. नुकतं चालायला लागलेलं मूल पलंगाच्या कडेवर आपटतं, समोरचा दात बाहेर येतो आणि घाबरलेलं मोठं माणूस हाच सल्ला आठवून तो दात पुन्हा हिरडीत दाबतं. तिथे पहिल्या इजेत दुसरीची भर पडते.

दुधाच्या दातांचे नियम वेगळे आहेत. निघालेला दात परत बसवत नाहीत, आत घुसलेला ओढून काढत नाहीत, काळा पडला म्हणून लगेच रूट कॅनाल करत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, डॉक्टर काहीच करत नाहीत. पण हाडाच्या आत, दुधाच्या दाताच्या मुळाला जवळजवळ टेकून, पक्का दात घडत असतो आणि प्रत्येक निर्णय त्याला धक्का लागू नये म्हणून घेतलेला असतो.

पहिली दहा मिनिटं

दाताआधी डोकं. मूल क्षणभर का होईना, बेशुद्ध पडलं का? पुन्हापुन्हा उलटी झाली का? झटका आला का? हाक मारूनही नीट जागं होत नाही का? नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येतोय का? एक हात किंवा पाय कमी हलतोय का, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात का? यातलं एकही लक्षण दिसलं तर डेंटिस्ट नंतर, आधी हॉस्पिटलचा आपत्कालीन विभाग. यातली काही लक्षणं उशिरानेही दिसतात, म्हणून पुढचे २४ ते ४८ तास मुलाकडे बारीक लक्ष असू द्या. गिळलेल्या रक्तामुळे एखादी काळपट उलटी होऊ शकते. ती पुन्हा झाली तर मात्र कारणाचा अंदाज घरी बांधत बसू नका.

मग रक्त. मुलाला उताणं निजवू नका, रक्त घशात उतरतं. मांडीवर बसवून किंचित पुढे झुकवा. स्वच्छ गॉझ किंवा सुती कापड ओलं करून, पिळून, जखमेवर ठेवा आणि घड्याळ लावून १० मिनिटं सलग दाबून धरा. लोक चुकतात ते इथे: थांबलं का ते बघायला मिनिटामिनिटाला कापड उचलतात, धरू लागलेली गुठळी त्याबरोबर निघते आणि दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. लाळेत मिसळलेलं चमचाभर रक्तही भयंकर दिसतं, त्यावरून इजा मोजू नका. दोनदा दहा-दहा मिनिटं दाबूनही रक्त वाहतच राहिलं तर हॉस्पिटल गाठा.

सगळ्यात जास्त घाबरवणारं रक्त बहुतेकदा सगळ्यात साध्या जखमेचं असतं. वरचा ओठ उचलला की मधोमध ओठ आणि हिरडी यांना जोडणारी एक पातळ पट्टी दिसते. तोंडावर पडल्यावर ती फाटते आणि भळाभळा रक्त येतं. बाहेरून ओठ हिरडीवर दाबून धरला की थांबतं आणि ही पट्टी बहुधा टाक्यांशिवाय आपोआप भरून येते. पुढचे काही दिवस आल्यागेल्याला दाखवायला ओठ उचलू नका; प्रत्येक वेळी जखम उघडते.

सुजेसाठी बर्फ थेट त्वचेवर न लावता कापडात गुंडाळून, काही मिनिटं लावून काढायचा, पुन्हा लावायचा.

तोंडात नीट पाहायचं कसं

रडणाऱ्या मुलाचं तोंड एकट्याने तपासायला जाऊ नका. दोन मोठी माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. मूल एकाच्या मांडीवर, त्याच्याकडे तोंड करून, पाय त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग मुलाला हळूच मागे झुकवून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर टेकवा. पहिल्याने हात धरायचे, दुसऱ्याने वरून पाहायचं. डेंटिस्टही लहान मुलांना असंच तपासतात. मूल रडलं तरी हरकत नाही, तोंड तर उघडं राहतं.

ओल्या कापडाने रक्त टिपून मोबाइलच्या उजेडात बघा. दात पूर्वीइतकेच आहेत का? कुठला शेजाऱ्यापेक्षा आखूड किंवा लांब दिसतोय का? टाळूकडे किंवा ओठाकडे कललाय का? तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळतात का, की एखादा मध्येच अडतो? आदल्या काही दिवसांतला हसरा फोटो इथे फार उपयोगी पडतो, कारण मुलाचे दात आधी कसे होते हे घाबरलेल्या अवस्थेत कुणालाच नक्की आठवत नाही. दात हलवून पाहू नका. ओठ मात्र आतून-बाहेरून नीट बघा: दाताचा टवका उडाला असेल आणि ओठाला भोक पडून सूज असेल, तर तो टवका ओठात रुतलेला असू शकतो.

दात सापडतच नाही, तर?

जागा रिकामी आहे आणि जमिनीवर दात नाही, तेव्हा शक्यता मोजक्याच. तो पूर्ण आत घुसून हिरडीखाली गेलाय. हे एक्स-रेशिवाय ठरवता येत नाही आणि निघाला असं समजून सोडून दिलेले काही दात प्रत्यक्षात आतच असतात. तो गिळला गेलाय. तसं असेल तर सहसा शौचावाटे निघून जातो. किंवा तो श्वासनलिकेत गेलाय, आणि हीच शक्यता धोक्याची. पडल्यावर अचानक सुरू झालेला खोकला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, धाप, निळसर ओठ यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी आपत्कालीन विभागात न्या. तसं काही नसलं तरी न सापडलेला दात डॉक्टरांना आवर्जून सांगा. सापडला असेल तर डबीत घालून सोबत न्या: तो मुळासकट आलाय की मूळ आत राहिलंय, हे त्यावरून कळतं.

दुधाचा दात कशावर उभा असतो

दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, शेवटची दाढ अडीच-तीन वर्षांपर्यंत. मार बहुतेक वेळा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना बसतो, कारण तोंडावर पडताना तेच सर्वांत पुढे असतात.

लहान मुलाचं जबड्याचं हाड मऊ आणि लवचीक असतं. ओल्या जमिनीत रोवलेल्या खुंटीचा विचार करा. घाव बसला की ती मोडत नाही, कलते, ढिली होते, नाहीतर आणखी खोल जाते. आणि त्या खुंटीच्या टोकाखालीच एक बी रुजत घातलेलं आहे. ते बी म्हणजे पक्क्या दाताचा कोंब. दुधाच्या दाताचं मूळ आणि हा कोंब यांच्यात हाडाचा जेमतेम थर असतो, ३ मिलिमीटरपेक्षाही कमी. वरच्या मधल्या पक्क्या दाताचा दिसणारा भाग जन्मानंतर ३-४ महिन्यांपासून घडू लागतो आणि ४-५ वर्षांपर्यंत पूर्ण होतो. म्हणजे मूल सर्वांत जास्त वेळा पडतं त्याच वयात पक्क्या दाताचं इनॅमल, म्हणजे बाहेरचा कठीण पांढरा थर, तयार होत असतं.

म्हणून मोठ्यांमध्ये दात तुटतात, लहानग्यांमध्ये ते जास्त करून सरकतात.

निघालेला दात परत का बसवत नाहीत

पक्का दात निघाला तर तो वरच्या भागाला धरून, फार तर दुधाने किंवा सलाइनने पटकन धुऊन, तिथल्या तिथे जागेवर बसवायचा असतो. त्याच्या मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात, म्हणून तर ती धावपळ. दुधाच्या दाताला ही धावपळ लागू नाही. तो परत ढकलताना त्याच्यासोबत रक्ताची गुठळी आणि जंतू थेट कोंबावर रेटले जातात, नंतर तिथे पू झाला तर कोंबालाच बाधा होते. आणि इतकं करून वाचवणार काय, तर काही वर्षांनी पडणारा दात.

मग ६-७ वर्षांच्या मुलाचा दात निघाला तर? या वयात दोन्ही प्रकारचे दात तोंडात असतात. पक्का दात रुंद असतो, रंगाने थोडा पिवळसर, आणि नवा असताना त्याची कड करवतीसारखी दातेरी असते. ओळख पटली नाही तर तो दुधात ठेवा आणि तत्काळ डेंटिस्टला दाखवा. बसवायचा की नाही हे ते ठरवतील.

आत घुसलेला दात

आईबाबांची झोप सर्वांत जास्त उडवणारी इजा हीच. डॉक्टरांच्या कागदावर ‘इंट्रुजन’ लिहिलेलं दिसेल, म्हणजे दात हाडात आत घुसला. कधी अर्धा दिसतो, कधी नुसतं टोक, कधी काहीच नाही.

पूर्वी असे दात पटकन काढून टाकायचा कल होता. आता वाट पाहतात, कारण यातले बरेचसे दात आपणहून पुन्हा खाली येतात. बहुतेक वेळा सहा महिन्यांत जागेवर येतात, काहींना वर्ष लागतं. वरच्या दाताचं मूळ मुळातच थोडं ओठाच्या दिशेने वळलेलं असतं. त्यामुळे आत जाताना ते बऱ्याचदा ओठाकडच्या पातळ हाडात शिरतं आणि मागच्या बाजूला असलेला कोंब वाचतो. एक्स-रेत हे ओळखण्याची खूण आहे: मूळ ओठाकडे गेलेलं असेल तर तो दात शेजारच्या जोडीदारापेक्षा आखूड दिसतो, कोंबाकडे गेलेलं असेल तर लांबट. कोंबाकडे गेलेल्या दातालाही आता आधी वेळच देतात. काढताना हत्यार कोंबाला लागण्याची भीती असते, आणि जो धक्का बसायचा तो पडतानाच बसून गेलेला असतो.

वाट पाहणं म्हणजे विसरून जाणं नव्हे. आठवड्याने तपासणी, मग ६-८ आठवड्यांनी, ६ महिन्यांनी, वर्षाने. प्रत्येक वेळी दात किती खाली आला हे पाहिलं जातं. घरी दर महिन्याला एकाच कोनातून फोटो काढलात तर डॉक्टरांना फार मदत होते. वाट पाहताना हिरडी सुजली, पू आला, ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

हललेला, कललेला, तुटलेला

दात नुसता दुखतो किंवा थोडा हलतो, हिरडीच्या कडेला रक्त येतं, पण जागा सोडलेली नाही: काही करायचं नसतं, मऊ खाणं आणि स्वच्छता पुरते.

दात कललाय पण तोंड मिटताना अडत नाही: जीभ आणि ओठ यांच्या दाबाने तो बहुधा सहा महिन्यांत सरळ होतो. अडत असेल तर भूल देऊन हलकेच सरकवतात आणि टिकत नसेल तर शेजारच्या दातांना पातळ लवचीक तारेने ४ आठवडे बांधतात. खूपच ढिला असेल, झोपेत गिळला जाण्याची भीती असेल, तर काढणंच बरं. बाहेर लोंबणाऱ्या दातालाही हाच न्याय. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेला किंवा फार हलणारा दात काढतात.

दात तुटला असेल तर तुटलेल्या भागाच्या मध्यभागी लाल ठिपका आहे का बघा. ती दाताची नस. ठिपका नसेल आणि नुसता टवका असेल तर धारदार कड घासून गुळगुळीत करतात, आतला पिवळसर थर उघडा पडला असेल तर सिमेंटने झाकतात. ठिपका असेल तर त्याच दिवशी जा: नसेचा वरचा थोडा भाग काढून औषध भरता येतं, पण उशीर झाला की हा पर्याय हातातून जातो.

कधी दाताचं मूळच हाडाच्या आत मोडतं. तेव्हा डॉक्टर वरचा ढिला तुकडा काढून टोकाचा तुकडा मुद्दाम आत ठेवतात. तो हलगर्जीपणा नसतो. कोंबाजवळ उकरण्यापेक्षा तो तुकडा शरीराला विरघळवू देणं सुरक्षित, आणि दुधाच्या दातांची मुळं विरघळणं ही तर नैसर्गिकच क्रिया आहे.

दात काळा पडला म्हणजे मेला का?

मारानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दात करडा, जांभळट होतो. आत रक्तस्राव होऊन रंग दाताच्या सूक्ष्म नळ्यांत उतरलेला असतो. काही दात पुन्हा उजळतात, काही करडेच राहतात आणि तसेच, कसलाही त्रास न देता, वेळेवर पडतात. काही महिन्यांनी पिवळट झालेल्या दातात नसेची पोकळी आतून भरून आलेली असते, म्हणजे नस जिवंत होती. रंग दिसायला वाईट, पण नुसत्या रंगासाठी नस काढण्याची गरज नाही.

संसर्गाच्या खुणा वेगळ्या: दाताच्या मुळाशी हिरडीवर पुळीसारखा फोड, पू, सूज, आधी घट्ट झालेला दात पुन्हा हलू लागणं, न थांबणारी वेदना. हिरडीवरचा फोड फुटून कोरडा झाला की दुखत नाही, त्यामुळे बरं वाटलं असं समजून तो सोडून दिला जातो. आत पू असतोच आणि तो कोंबाच्या शेजारी असतो. म्हणून ब्रश करताना आठवड्यातून एकदा ओठ उचलून बघायची सवय ठेवा. फोड दिसला तर नसेचा उपचार करायचा की दात काढायचा, हे वय आणि एक्स-रे पाहून ठरतं.

“पडणारच होता ना? मग दवाखाना कशाला?”

कारण तुम्हाला दिसतो दुधाचा दात, आणि तपासायचा असतो त्याच्या मागचा. घाई किती करायची ते इजेवर अवलंबून आहे. डोक्याला मार लागल्याची लक्षणं, श्वासाचा त्रास, न थांबणारं रक्त, जबडा न मिटणं, ओठाची बाहेरची कड फाटणं: ताबडतोब हॉस्पिटल. दात सरकलाय, अडतोय, लोंबतोय, गायब आहे, लाल ठिपका आहे: त्याच दिवशी डेंटिस्ट, शक्यतो लहान मुलांचे. नुसतं हिरडीतून रक्त आलं आणि दात जागेवर आहे: एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालेल.

दात गेला तर बोलणं बिघडेल ही भीतीही बरेच जण बोलून दाखवतात. एखादा समोरचा दात नसल्याने बोलणं कायमचं बिघडत नाही, मूल खायलाही पटकन शिकतं. सुळे आलेले असतील तर पुढच्या दाताची जागा सहसा बंद होत नाही, त्यामुळे खोटा दात बसवणं हा दिसण्याचा प्रश्न, गरजेचा नव्हे.

अँटिबायोटिक, एक्स-रे आणि डॉक्टरांचे प्रश्न

दात सरकला म्हणून अँटिबायोटिक द्यावं याला आधार नाही. ओठाची मोठी, माती भरलेली जखम असेल किंवा मुलाला हृदयाचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते मात्र बघा. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.

एक्स-रेची भीती समजण्यासारखी आहे, पण समोरच्या दाताच्या एका छोट्या फिल्मला लागणारी किरणं फारच थोडी असतात, मूल तुमच्या मांडीवरच असतं, आणि दात घुसलाय की निघालाय हे दुसऱ्या कशाने कळत नाही.

कधी, कुठे, कसं पडलं, तेव्हा जवळ कोण होतं, असं डॉक्टर खोदून विचारतात. ते प्रत्येक घराला विचारतात. मार कुठल्या दिशेने बसला, जखमेत माती आहे का, किती वेळ गेला, यावर उपचार ठरतात. आणि मुलाला कुणी मारत तर नाही ना, हे पाहणंही त्यांचं काम आहे, ते त्यांनी करायलाच हवं. मनाला लावून न घेता सरळ उत्तरं द्या.

घरी पुढचे पंधरा दिवस

१० ते १४ दिवस मऊ आणि कोमट खाणं, समोरच्या दातांनी तोडावं लागणार नाही असं. चोखणी असेल तर ती बंद, बाटलीची सवय शक्य तितकी कमी, कारण चोखण्याने ढिल्या दातावर ओढ बसते. अंगावरचं दूध चालू ठेवा. चघळणं मात्र फार दिवस टाळू नका. नेहमीचं खाणं जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

ब्रश थांबवणं ही सर्वांत नेहमीची चूक. दुखेल म्हणून तिथे हात लावत नाहीत, कीट साठते, हिरडी सुजते आणि भरून येणं लांबतं. मऊ ब्रशने इतर दात नेहमीसारखे घासा. जखमी जागी अल्कोहोल नसलेलं ०.१ ते ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन कापसाच्या बोळ्याने दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. चूळ भरायला देऊ नका, या वयात मुलं गिळतात.

दुखण्यावर पॅरासिटामॉल: वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान ४ ते ६ तास, २४ तासांत ४ डोसांच्या वर नाही. १० किलोच्या मुलाला म्हणजे १०० ते १५० मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटल्यांमुळे. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचे ६ मिलिलिटर म्हणजे १५० मिलिग्रॅम. पण १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स तेवढेच दिले तर ते ६०० होतात, चौपट. लेबलवरचा आकडा मोठ्याने वाचा आणि औषध त्याच्यासोबत आलेल्या मापानेच मोजा.

अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. लवंगेचं तेल लावायचं नाही, त्याने फाटलेली हिरडी भाजते. बेंझोकेन असलेलं, हिरडी बधिर करणारं जेल २ वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही. क्वचित का होईना, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता धोकादायक घसरते.

पक्क्या दातावर काय परिणाम होऊ शकतो

धोका सर्वांत जास्त आत घुसलेल्या आणि मुळासकट निघालेल्या दातांत, आणि मूल जितकं लहान तितका जास्त. नेहमी आढळतो तो पक्क्या दातावर पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग, कधी इनॅमलमध्ये खड्डा. हे फिलिंगच्या साहित्याने झाकता येतात. कमी वेळा दात वाकडा घडतो किंवा यायला उशीर होतो. पडल्यानंतर केलेल्या कुठल्याही उपचाराने बसलेला धक्का पुसला जात नाही. पुढचा संसर्ग टाळणं एवढंच हातात असतं.

म्हणून पडल्याची तारीख, कुठला दात, काय झालं आणि त्या दिवशीचे फोटो लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवा. आत घुसलेला किंवा निघालेला दात असेल तर मूल ६ वर्षांचं झाल्यावर पुन्हा डेंटिस्टला दाखवा. वरचे मधले पक्के दात ७-८ व्या वर्षी येतात. दुधाचा दात लवकर गेला असेल तर वरची हिरडी जाड होऊन पक्क्याला बाहेर यायला जास्त वेळ लागू शकतो. पण दोनपैकी एक दात आला आणि त्याचा जोडीदार सहा महिन्यांनंतरही दिसत नसेल, तर एक्स-रे काढून घ्या.